साखळी किती सोडली?

आम्ही दोघी सख्ख्या जावा. आमच्या नणंदेनं एका कार्यक्रमात फोन करून "मी ग्रीसमध्ये शिडाची होडी चालवली" एवढंच सांगितलं आणि फोन ठेवून दिला. त्यावर पुष्कळ जणींनी विचारलं की या कोण, कुठे गेल्या होत्या, खोटं तर सांगत नाहीत ना. वन्सं माइकसमोर बसायला तयार नाहीत. म्हणून हे काम आमच्याकडे आलं. सोबत आम्ही होतोच, तेव्हा साक्षीदार म्हणून बोलतो.

आधी भाऊजींबद्दल सांगायला हवं, म्हणजे वन्संच्या यजमानांबद्दल. ते तीस वर्षं मालवाहू जहाजांवर होते. शेवटची बारा वर्षं बोसन, म्हणजे आपल्याकडे जुने लोक सारंग म्हणायचे तो. जहाजाच्या डेकवरची सगळी माणसं, दोर आणि नांगर त्याच्या ताब्यात. जहाजांच्या मालकीत ग्रीक लोक जगात अगदी वरच्या रांगेत आहेत, आणि आपल्या कोकणातली कितीतरी माणसं त्यांच्या जहाजांवर नोकरीला असतात. भाऊजींची शेवटची काही जहाजं अशीच ग्रीक मालकाची. त्यांतल्या एका जहाजाचा कप्तान इथाका नावाच्या बेटाचा. त्यानं आपल्या गावाचा फोटो चिकटवून ठेवला होता. तीन बाजूंनी डोंगर, मध्ये वाटीएवढं बंदर आणि तोंडाशी तीन मोडक्या पवनचक्क्या. गावाचं नाव किओनी. भाऊजी त्या बेटाजवळून किती वेळा गेले असतील, पण रात्री, लांबून, दिवे बघत. मोठं जहाज अशा गावात शिरत नाही. ते जिथं लागतं तिथं क्रेन असतात, कंटेनर असतात आणि फाटकापाशी पहारेकरी असतो. "तीस वर्षं समुद्रावर काढली, पण एक गाव बघितलं नाही," असं ते म्हणायचे.

गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांचं जाणं संपलं. वन्संनी त्रेसष्टाव्या वर्षी जाहीर केलं की मग मी बघून येते. आम्हाला वाटलं, चार दिवसांनी विसरतील. विसरल्या नाहीत. आणि एकटीनं जायचं नाही म्हणून दोन्ही वहिन्यांना कामाला लावलं. आमच्यातली थोरली शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली, धाकटीचा घरगुती कोकम-सरबताचा व्यवसाय. थोरलीला पोहता येत नाही. हे सगळं ठाऊक असूनही आम्ही हो म्हणालो, त्याला कारण एकच. वन्संनी आजवर आमच्याकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं.

गणपती झाल्यावर निघालो. गणपतीआधी कोकणातल्या बाईनं घर सोडणं शक्य नाही, हे व्हिसा देणाऱ्यांना कुठे माहीत. पण तेच बरं झालं. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात तिकडची गर्दी जरा ओसरते, पाणी अजून कोमट असतं आणि होडीचं भाडंही उतरतं. अथेन्सहून बसनं लेफकादा बेटावर गेलो. बेटावर बस कशी जाते, असं धाकटीनं विचारलं होतं. तर त्या बेटाला आणि मुख्य जमिनीला एक तरता पूल जोडतो. होड्यांना वाट देण्यासाठी तो ठरावीक वेळी बाजूला सरकतो, आणि रस्त्यावरची वाहनं मग रेल्वेफाटकापाशी थांबावीत तशी थांबून राहतात.

होडी छत्तीस फुटी, म्हणजे अकरा मीटर. आत तीन झोपायच्या खोल्या, पण खोली म्हणजे कपाटात गादी घातल्यासारखी. चालवायला परवाना लागतो, तो आमच्याकडे कुठून असणार. म्हणून कप्तान भाड्यानं घेतली. हो, घेतली. पन्नाशीची ग्रीक बाई, उन्हानं रापलेली, फार कमी बोलणारी. तिनं पहिल्याच दिवशी तीन गोष्टी बजावल्या. एक, टाकीत आहे तेवढंच गोडं पाणी, तेव्हा भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची आणि शेवटचा हात गोड्या पाण्याचा. यात आम्हाला काही शिकवायची गरज नव्हती, मे महिन्यात आमच्या विहिरीचा तळ दिसतो. दोन, संडासात कागद टाकायचा नाही, हातपंप मारायचा, आणि मैला टाकीत साठतो तो बंदरात सोडायचा नाही, बाहेर खोल समुद्रात गेल्यावरच. तीन, होडीवर "थांब" म्हटलं की थांबायचं, का ते नंतर विचारायचं. तिसरी गोष्ट थोरलीला जड गेली. तिनं छत्तीस वर्षं दुसऱ्यांना थांब म्हटलेलं आहे.

निद्रीच्या धक्क्यावरून सकाळी निघालो. जवळच एक गर्द झाडीचं बेट दिसतं, स्कॉर्पिओस. जहाजमालक ओनासिस याचं ते खासगी बेट होतं, आणि १९६८ साली जॅकलिन केनेडींशी त्याचं लग्न तिथंच लागलं. कप्ताननं हात करून दाखवलं आणि विषय संपवला. तिला त्यात रस नव्हता, आणि खरं सांगायचं तर समोरचा समुद्र सोडून आम्हालाही नव्हता.

त्या भागातला उन्हाळी वारा वायव्येकडून येतो. मैस्त्रो म्हणतात त्याला. सकाळी समुद्र तळ्यासारखा असतो, दुपारी बाराच्या पुढे वारा उठतो, चार-पाचला जोरात असतो आणि रात्री पडतो. म्हणून सगळ्या होड्या सकाळी इंजिनावर निघतात आणि दुपारी शीड उघडतात. आर्कुदी नावाचं एक निर्मनुष्य बेट उजवीकडे आलं, तेव्हा कप्ताननं इंजिन बंद केलं. मैत्रिणींनो, ती शांतता सांगता येत नाही. इतका वेळ डोक्यात घुमणारी घरघर थांबली आणि पाणी होडीच्या अंगाला घासतं तो आवाज ऐकू यायला लागला. होडी एका अंगावर कलली, तशी थोरलीनं डोलकाठीला मिठी मारली. कप्ताननं वन्संना बोलावून चाक त्यांच्या हातात दिलं. "समोर तो डोंगर दिसतो ना, त्याच्याकडे नाक ठेव," एवढंच सांगितलं आणि स्वतः कॉफी करायला आत गेली.

वन्सं अडीच तास चाकावर होत्या. बोलल्या नाहीत. पदर नव्हता, पण खोचल्यासारखा हात दोनदा कमरेला गेला, तो आम्ही बघितला.

या अडीच तासांत खाली खोलीत टॉवेलात गुंडाळलेला वन्संचा फोन वाजत होता. ते आम्हाला नंतर कळलं.

आता बंदरात शिरण्याचं सांगतो, कारण सगळी परीक्षा तिथं असते. किओनी इथाकाच्या ईशान्य किनाऱ्यावर आहे. तोंडाशी त्या पवनचक्क्या. पाती केव्हाच गेलीत, दगडी बुरूज तेवढे उभे. वळून आत गेलं की एकदम गाव समोर येतं. डोंगराच्या उतारावर नाटकाच्या प्रेक्षागृहासारखी घरं, वर ऑलिव्ह आणि सुरूसारखी उंच काळसर सायप्रसची झाडं. आणि प्रेक्षागृह म्हटलं ते उगाच नाही. धक्क्यावरच्या खानावळींत बसलेली माणसं येणाऱ्या प्रत्येक होडीचा खेळ बघत असतात.

खेळ असा. धक्का लहान, होड्या फार. म्हणून होडी आडवी न लावता पाठमोरी लावायची, बैलगाडी गोठ्याला मागं घ्यावी तशी. आधी धक्क्यापासून चांगलं लांब, पुढच्या नाळेवरून नांगर सोडायचा. मग साखळी सोडत सोडत मागं मागं यायचं. दोन्ही बाजूंना दुसऱ्याच्या होड्या, मधल्या फटीत शिरायचं. घासू नये म्हणून अंगाला रबरी फुगे बांधलेले असतात, त्यांना फेंडर म्हणतात. धक्का हातभर राहिला की मागचे दोन दोर फेकायचे, कोणीतरी ते कड्यात अडकवतं, मग पुढची साखळी ताणून घ्यायची. नांगर रुतला असेल तर होडी जागेवर उभी. रुतला नसेल तर मागची बाजू धक्क्यावर आदळणार आणि सगळं गाव बघणार. किओनीचं बंदर मध्ये खोल आहे, त्यामुळे साखळी भरपूर लागते. पाण्याची खोली जेवढी, त्याच्या निदान चौपट साखळी खाली हवी, कारण नांगर वजनानं धरत नाही, आडवा ओढला गेला तरच रुततो. उभा ओढला की निघतो. हे आम्हाला कप्ताननं कागदावर काढून दाखवलं होतं.

नांगराचं बटण वन्संच्या हातात, मागचे दोर आम्हा दोघींकडे. वारा बाजूनं येत होता. पहिल्या खेपेला नाक वळलं आणि आम्ही शेजारच्या होडीवर जायला लागलो. कप्तान एकच शब्द बोलली, थांब. मग नांगर वर, बाहेर जाऊन पुन्हा वळण, पुन्हा नांगर. धाकटीनं दोर फेकला तो पाण्यात. ओला दोर ओढून परत फेकला, तो खानावळीतल्या एका बाईनं उठून झेलला आणि हातातला कपडा खांद्यावर टाकून कड्यातून काढून परत आमच्याकडे फेकला. सरावाचा हात होता. थोरलीनं दुसरा दोर फेकला तो पहिल्याच खेपेला बरोबर पडला, आणि ही गोष्ट ती मरेपर्यंत सांगणार आहे.

फोन तेव्हा सापडला. चौदा मिस्ड कॉल, सगळे भाऊजींचे. आपल्याकडे साडेसहा वाजले होते, दिवेलागणीची वेळ. वन्संनी फोन लावला. आम्ही लांब जाऊन बसलो, पण होडीवर लांब म्हणजे किती.

"फोन का नाही उचलला?"

"चाकावर होते."

पलीकडे जरा वेळ काही आवाज नाही. मग, "साखळी किती सोडली?"

"चाळीस मीटर."

"खोली?"

"दहा."

"शॅकलमध्ये सांग." जहाजावर साखळी शॅकलमध्ये मोजतात, एक शॅकल साडेसत्तावीस मीटर.

"तुमच्या जहाजावर मोजा शॅकल. इथं मीटर आहेत," असं म्हणून वन्सं हसल्या.

ज्या बाईनं दोर झेलला तिच्याच खानावळीत रात्री जेवलो. तिचा जन्म मेलबर्नचा. हे ऐकून आश्चर्य वाटलं, पण त्या बेटावर ही रोजची गोष्ट आहे. इथाकात आज जेमतेम तीन हजार माणसं राहतात. बेटाबाहेर मात्र ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, अमेरिका सगळीकडे इथाकाची माणसं. मेलबर्नमध्ये तर त्यांचं मंडळ १९१६ पासून चालू आहे. आपल्या कोकणी गावांची मुंबईत मंडळं असतात तसंच, फक्त गाव आणि मुंबई यांच्यामध्ये महासागर. जमीन खडकाळ, शेती बेताची, म्हणून पुरुष आधी जहाजांवर, मग परदेशी. १९५३ च्या ऑगस्टमध्ये भूकंपाचे धक्के सुरू झाले. १२ तारखेचा सर्वांत मोठा, ७.२ क्षमतेचा. शेजारचं केफालोनिया जवळजवळ सगळं कोसळलं, इथाकाची राजधानी वाथी बहुतेक मोडली. किओनीकडे उत्तरेला नुकसान कमी झालं, म्हणून तिथं जुनी दगडी घरं अजून दिसतात. पण घर उभं राहिलं तरी माणूस राहिला असं नाही. भूकंपानंतर जे उरले होते त्यांतलेही कितीतरी गेले.

तिची आई अशीच गेलेली. ही स्वतः मोठेपणी परत आली. "उन्हाळ्यात तुम्ही सगळे असता," ती म्हणाली, "जानेवारीत संध्याकाळी दारात उभी राहून मी समोरच्या डोंगरावरचे दिवे मोजते. मोजायला दोन हात पुरतात." उरलेली घरं सुट्टीत येणाऱ्यांची किंवा भाड्यानं द्यायची. आमच्या वाडीतही दिवे मोजायची वेळ आली आहे, पण ते आम्ही तिला सांगितलं नाही. ती ताट घेऊन उभी होती.

जेवणाचं विचाराल, तर शाकाहारी बाईनं तिकडे घाबरायचं कारण नाही. थोरलीचा शुक्रवार होता. तिकडच्या ख्रिस्ती लोकांचेही बुधवार-शुक्रवार उपास असतात, आणि उपासाच्या पदार्थाला निस्तिसिमो म्हणतात. तो शब्द पाठ करून जा. त्यात मांस, दूध, अंडं काही नसतं. मात्र एक सावधगिरी. त्यांच्या उपासाला माकूळ आणि कालवं चालतात. थोरलीच्या पुढ्यात निस्तिसिमो म्हणून ऑक्टोपसचा पाय आला तेव्हा तिनं जो चेहरा केला, तो बघून बाईनं ताट न बोलता परत नेलं आणि होर्टा आणला. होर्टा म्हणजे रानभाज्या, उकडून वर ऑलिव्हचं तेल आणि लिंबू. आपला टाकळा-भारंगी असतो तसा कडवट. धाकटीनं सावोरो घेतला. तळलेला मासा व्हिनेगर, लसूण, रोझमेरी आणि मनुकांच्या रसात मुरवलेला. तो काही दिवस टिकतो. आणि शेवटी रोवानी, ही खास इथाकाची मिठाई, तांदूळ, मध आणि तेलाची, लवंगेचा वास असलेली. साखरभाताची लांबची बहीण म्हणा. आमच्या मते जरा जास्त गोड.

इथाका म्हटलं की ओडिसियसचं नाव येतंच. होमरच्या महाकाव्यातला राजा. दहा वर्षं ट्रॉयच्या युद्धात, दहा वर्षं घरी परतताना समुद्रावर भटकत. त्याचं इथाका म्हणजे हेच बेट का, यावर विद्वानांचे वाद आहेत. बेटावर मात्र वाद नाही. वीस वर्षं घर राखलं त्याच्या बायकोनं, पेनेलोपीनं. राजा मेला असं समजून लग्नाला आलेल्यांनी घरात तळ ठोकला. ती त्यांना म्हणाली, सासऱ्याचं कफन विणून होऊ द्या, मग बघू. दिवसा विणायची, रात्री उसवायची. तीन वर्षं असं चाललं. "सासऱ्याचं नाव पुढे करून वेळ काढायचा, हे आपल्यालाच सुचतं असं वाटलं होतं," इति धाकटी.

दुसऱ्या दिवशी टॅक्सी करून वरच्या स्ताव्रोस गावात गेलो. चौकात ओडिसियसचा अर्धपुतळा आहे, लोक त्याच्याशेजारी फोटो काढतात. आम्ही तिथल्या छोट्या संग्रहालयात गेलो, आणि आम्हाला तेच आवडलं. खाली पोलिस नावाची खाडी आहे, तिच्या काठी एक गुहा होती. १९३० च्या दशकात सिल्व्हिया बेंटन नावाच्या ब्रिटिश बाईनं तिथं उत्खनन केलं. गुहेचं छत पूर्वीच कोसळलेलं. अशा जागी त्या बाईनं कांस्याच्या मोठ्या तिवयांचे अवशेष काढले, आणि मातीच्या मुखवट्याचा एक तुकडा. त्यावर ग्रीक अक्षरांत कोरलंय, ओडिसियसला नवस. कोणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी नवस फेडायला तो तिथं ठेवला. तुकडा तळहाताएवढाही नाही. वन्सं त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या. "नवस त्याला," त्या म्हणाल्या. "तिला कोणी नाही बोलला." एवढंच. मग बाहेर येऊन आम्ही आइसक्रीम खाल्लं.

परत येताना कप्तान पहिल्यांदा मोकळेपणानं बोलली. तिच्या परवान्यावरचं आडनाव आणि नवऱ्याचं आडनाव वेगळं, म्हणून धाकटीनं भीत भीत विचारलं होतं. तर ग्रीसमध्ये १९८३ साली कुटुंबाचा कायदा बदलला. तेव्हापासून लग्नानंतर बाईचं आडनाव कायद्यानं माहेरचंच राहतं. आणि त्याच कायद्यानं हुंडा रद्द केला. तोवर हुंडा तिकडे चालत होता, कायद्याच्या पुस्तकात होता. प्रिका म्हणायचे. तिच्या आईच्या हुंड्याचा कागद तिच्याकडे अजून आहे. त्यात चादरी किती, भांडी किती, ऑलिव्हची झाडं किती, सगळं लिहिलेलं. आम्ही तिला सांगितलं, आमच्याकडे हुंडाबंदीचा कायदा तुमच्या आधी, १९६१ साली झाला. ती म्हणाली, मग तुमच्याकडे आता नसेल. आम्ही दोघींनी एकदमच खिडकीबाहेर बघितलं.

रात्री वारा पडतो असं मघाशी सांगितलं. त्या रात्री पडला नाही. डोंगरावरून झोत यायला लागले. होड्यांच्या डोलकाठ्यांवर दोर आपटून सगळ्या बंदरात खणखण चाललेली. कप्तान दर तासाला उठून पुढं जाऊन साखळीवर हात ठेवायची. रुतलेली साखळी ताणते आणि सैल होते, घसरणारी थरथरते, आणि ते हाताला कळतं. दोन वाजता वन्सं उठल्या आणि तिला म्हणाल्या, तू झोप, मी बसते. आम्हालाही झोप नव्हतीच. तिघी पुढं शाल घेऊन बसलो. आळीपाळीनं साखळीवर हात.

तेव्हा वन्सं बोलल्या. त्या म्हणाल्या, "मला इतकी वर्षं एकच वाटायचं. घरात सासूबाईंचं दुखणं, पोरांच्या परीक्षा, गळणारं कौल, सगळं माझ्यावर टाकून हे मोकळे. पत्रात लिहायचे, आज समुद्र शांत आहे. मला वाटायचं, असणारच, तुम्हाला काय." मग बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "असं बसायला लागतं हे नाही लिहिलं कधी." आम्ही विचारलं, मग राग गेला का? त्या म्हणाल्या, "नाही गेला. कौल गळतच होतं ना." आणि साखळीवर हात ठेवायची पाळी धाकटीची आली.

सकाळी निघायचं. नऊ-दहापर्यंत किओनी रिकामं व्हायला लागतं, सगळे पुढच्या गावाला. आम्ही मागचे दोर सोडले, वन्संनी नांगर वर घ्यायला बटण दाबलं. निम्मी साखळी आली आणि यंत्र कण्हायला लागलं. वाकून बघतो तर आमच्या नांगराच्या फाळात दुसऱ्याच होडीची साखळी अडकून वर आलेली. संध्याकाळी उशिरा आलेल्या कोणीतरी आपली साखळी आमच्यावरून टाकली होती. किओनीत हे नेहमीचं आहे, बंदर गोल आणि सगळ्यांच्या साखळ्या मध्ये एकत्र येतात. रागावायचं नसतं. पण तशी साखळी उचलून तुम्ही निघालात, तर त्या बिचाऱ्याचा नांगर उखडतो आणि त्याची होडी धक्क्यावर जाते.

कप्तानला चाक सोडता येईना, वारा बाजूला ढकलत होता. तिनं तिथूनच ओरडून सांगितलं आणि वन्संनी केलं. नाळेवर पालथं पडायचं. लांब काठीच्या आकड्यानं एक दोर त्या परक्या साखळीच्या खालून घालून वर घ्यायचा, दोन्ही टोकं आपल्या होडीला बांधायची. म्हणजे परकी साखळी दोराच्या झोळीत. आता आपला नांगर थोडा खाली सोडायचा. साखळी दोरावर लटकते, आपला नांगर तिच्यातून खाली सुटतो. होडी जरा मागं घेऊन नांगर वर. मग दोराचं एक टोक सोडलं की परकी साखळी आपल्या जागी तळाला जाते. ऐकायला सोपं आहे. वन्सं कमरेपर्यंत होडीबाहेर, दोर दोनदा निसटला. धाकटी त्यांच्या पायांवर बसली होती, थोरली धाकटीला धरून देवाचं नाव घेत होती. तिसऱ्या खेपेला दोर आला. साखळी सुटून पाण्यात गेली तेव्हा शेजारच्या होडीवरच्या म्हाताऱ्या जोडप्यानं टाळ्या वाजवल्या, आणि धक्क्यावरून मेलबर्नवाल्या बाईनं कपडा हलवला.

बंदराबाहेर पडून पवनचक्क्या मागं गेल्यावर वन्संनी फोन लावला. या वेळी स्वतःहून. झाला प्रकार सगळा सांगितला, दोर कसा घातला, कुठे बांधला, नांगर किती खाली सोडला. भाऊजी मधे एकदाही बोलले नाहीत. आम्हाला वाटलं, फोन कटला.

मग त्यांनी विचारलं, "पाय कोणी धरले होते?"

"धाकट्या वहिनीनं."

"तिला दे फोन," ते म्हणाले.